‘चाचा’ची किल्ली : स्वस्त मोबाईललाही तेवढंच मजबूत कुलूप कसं मिळालं?

नववीच्या वर्गात स्कॉलरशिपच्या ऑनलाइन फॉर्मविषयी बोलणं चाललं होतं. आधार नंबर, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला, सगळं मोबाईलवरूनच अपलोड करायचं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, आमच्या अब्बूंचा फोन जुना आहे, सेकंडहँड घेतलेला. मामूंकडे लाखाचा फोन आहे. त्यांची माहिती जास्त सेफ जाते आणि आमची कमी, असं असतं का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. गरिबाच्या घराचं दार पातळ असतं आणि कुलूप हलकं असतं, हे आपण रोज बघतो. मग मोबाईलच्या दुनियेतही तसंच असेल, असं तिला वाटलं तर चूक काय? आणि खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वीपर्यंत तिची शंका बऱ्याच अंशी खरी होती. ती परिस्थिती बदलली ती एका हिशेबाच्या पद्धतीमुळे. त्या पद्धतीचं नाव ‘चाचा-२०’. नाव ऐकून मुलं पुन्हा हसली. पण हा आपला अब्बूंचा भाऊ नव्हे. सालसा आणि चा-चा हे लॅटिन अमेरिकेतले नाच आहेत आणि त्यांच्यावरून ही नावं आली आहेत.

या लेखात तो ‘चाचा’ काय करतो, ते सोप्या भाषेत समजून घेऊ. बेरीज-वजाबाकी येत असेल तर एवढं पुरे.

वाटेत कोण कोण असतं?

तुम्ही फॉर्म भरून ‘सबमिट’ दाबलं की माहिती थेट सरकारी कॉम्प्युटरवर जात नाही. ती आधी वायफायच्या डब्यात किंवा मोबाईलच्या टॉवरवर जाते, तिथून कंपनीच्या यंत्रात, तिथून आणखी पाच-दहा यंत्रांतून पुढे. पोस्टकार्डासारखं समजा. वाटेतला कोणीही ते वाचू शकतो. म्हणून माहिती निघण्याआधीच तिचं रूपांतर अर्थहीन दिसणाऱ्या आकड्यांत करतात. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात.

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कुलूप लावायची आणि उघडायची किल्ली एकच असते. याला ‘सिमेट्रिक’ म्हणतात. दुसऱ्यात दोन वेगळ्या किल्ल्या असतात. दुसरा प्रकार मोठा हुशार आहे, कारण कधीही न भेटलेले दोन जण उघड्या वाटेवर बोलूनसुद्धा एक गुप्त किल्ली ठरवू शकतात. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोघांनी तो मार्ग दाखवला. पण तो हिशेब जड आहे. एक छोटी किल्ली ठरवायला ठीक, अख्खा व्हिडिओ कॉल त्यातून पाठवायचा म्हटलं तर फोन दमून जाईल.

म्हणून प्रत्यक्षात दोघांची वाटणी केलेली असते. सुरुवातीला जड पद्धतीने एक गुप्त किल्ली ठरवायची, आणि मग सगळी माहिती सिमेट्रिक पद्धतीने, म्हणजे त्या एकाच किल्लीने, झपाट्याने बंद करत पाठवायची. खरी मेहनत ही दुसरीच पद्धत करते. तुमचा प्रत्येक फोटो, प्रत्येक मेसेज, प्रत्येक पान तिच्यातून जातं. ती हळू असेल तर पान उघडायला वेळ लागतो आणि बॅटरी उतरते. मग लोक वैतागून कुलूपच काढून टाकतात. म्हणून ‘जलद’ ही इथे चैनीची गोष्ट नाही, गरज आहे.

अल-किंदींचा धडा

सोपं कुलूप का चालत नाही, ते जगाला सगळ्यात आधी नीट लिहून दाखवलं बगदादच्या एका आलिमने. अबू युसूफ याकूब इब्न इसहाक अल-किंदी, नवव्या शतकातले. अब्बासी खलिफांच्या काळात त्यांनी गुप्त लिखाण उलगडण्यावर एक रिसाला लिहिला. त्याचं हस्तलिखित इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात सापडलं.

त्यांची युक्ती अशी. समजा कोणी प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं अक्षर लिहून चिठ्ठी पाठवली. वरून ती निरर्थक दिसते. पण प्रत्येक भाषेत काही अक्षरं जास्त येतात, काही कमी. अरबीत अलिफ आणि लाम वारंवार येतात. तर चिठ्ठीत कोणतं चिन्ह सगळ्यात जास्त वेळा आलंय ते मोजा, ते बहुधा अलिफ किंवा लाम असणार. असं मोजत मोजत पूर्ण चिठ्ठी उघडते. मुलांना मी हा प्रयोग मराठीत करायला लावते. वर्तमानपत्राचा एक परिच्छेद घ्या आणि काना किती वेळा येतो ते मोजा. अंदाज लगेच येतो.

अल-किंदींचा धडा आजही तोच आहे: मूळ मजकुराचा कोणताही ठसा बंद मजकुरात उरता कामा नये. जरासा उरला तरी मोजणारा कोणीतरी निघतोच. ‘सायफर’ हा शब्दसुद्धा अरबी ‘सिफ्र’वरूनच आलाय, ज्याचा अर्थ शून्य, रिकामं. हा इल्म आपल्या घरातला आहे, आपल्या मुलांना तो परका वाटायला नको.

बिटांची माळ

मोबाईलमध्ये सगळं ० आणि १ मध्ये असतं. त्यांना बिट म्हणतात. बिट लपवायची सगळ्यात सोपी क्रिया म्हणजे ‘एक्सॉर’. नियम एकच: दोन्ही बिट सारखे असतील तर उत्तर ०, वेगळे असतील तर १.

समजा माहिती आहे ०१०१ आणि किल्ली ००११. एक्सॉर केलं की ०११० मिळतं. हे पाठवायचं. समोरच्याने ०११० ला पुन्हा ००११ ने एक्सॉर केलं की ०१०१ परत. त्याच किल्लीने बंद, त्याच किल्लीने उघडं.

किल्लीचे बिट पूर्णपणे नशिबावर निवडलेले असतील, माहितीइतकेच लांब असतील आणि एकदाच वापरले असतील, तर हे कुलूप कोणालाच तोडता येत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. पण अडचण बघा. एक जीबीचा व्हिडिओ पाठवायला एक जीबीची किल्ली आधी गुपचूप पोचवावी लागेल. ती पोचवता येत असेल तर व्हिडिओच पोचवा की!

म्हणून तोडगा असा काढला: किल्ली छोटीच ठेवायची, २५६ बिटांची. तिच्यापासून दोन्ही बाजूंनी आपापल्या फोनमध्ये बिटांची एक लांबलचक माळ तयार करायची, जी बघणाऱ्याला निव्वळ नशिबावर निवडलेली वाटेल. मग त्या माळेने माहिती एक्सॉर करायची. सगळी कसोटी आता एकाच गोष्टीत आहे: ही माळ किती चांगली आणि किती पटकन बनते.

जुनं कुलूप, नवं कुलूप

अमेरिकेने १९७७ मध्ये ‘डीईएस’ नावाचं प्रमाणित कुलूप स्वीकारलं. त्याची किल्ली ५६ बिटांची होती, म्हणजे सुमारे ७२० कोटी कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो. पण १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बनवलं आणि ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली.

त्याच्या एक वर्ष आधीच नव्या कुलपासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली होती. जगभरातून १५ प्रस्ताव निवडीसाठी आले. सगळ्यांची रचना सगळ्यांसमोर उघडी. ज्याला जमेल त्याने दुसऱ्याचं कुलूप तोडून दाखवावं, अशी खुली झडती. ऑक्टोबर २००० मध्ये योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोघांची रचना निवडली गेली आणि २००१ मध्ये ती ‘एईएस’ या नावाने प्रमाण झाली. व्हॉट्सॲपचे मेसेज बंद करायलाही एईएसच वापरलं जातं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रचना उघडी असणं ही कमजोरी नाही. गुप्त असते ती फक्त किल्ली. ‘आमची पद्धत कोणालाच माहीत नाही, म्हणून ती सुरक्षित’ असं कोणी सांगत असेल, तर अशा ॲपपासून जरा लांबच राहा.

एईएस मजबूत आहे आणि आजवर ते कोणी मोडलेलं नाही. पण त्याच्या आत एक २५६ घरांचा तक्ता असतो. प्रत्येक बाइट त्या तक्त्यात बघून बदलावा लागतो, फेरीमागून फेरी. महागड्या प्रोसेसरमध्ये हे काम करायला वेगळी सोय असते. इंटेलने ती २०१० मध्ये आपल्या चिपमध्ये दिली, आणि नंतर चांगल्या मोबाईलच्या चिपमध्येही आली. तिथे एईएस सुसाट चालतं. स्वस्त चिपमध्ये ही सोय नसते. मग प्रोसेसरला तक्ता उघडून एकेक घर शोधत बसावं लागतं. तेच काम, पण कितीतरी हळू.

वेग हा एकच प्रश्न नव्हता. तक्त्यातली काही घरं प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीत असतात, काही लांबच्या. जवळचं घर पटकन सापडतं, लांबच्याला वेळ लागतो. म्हणजे किती वेळ लागला, ते बघून कोणतं घर उघडलं याचा अंदाज बांधता येतो. अल-किंदी अक्षरं मोजत होते, इथे वेळ मोजायची. २००५ मध्ये डॅनियल बर्नस्टाइन या अमेरिकन गणितज्ञाने नेटवर्कवरच्या सर्व्हरला लागणारा वेळ मोजून एईएसची पूर्ण किल्ली काढून दाखवली. कुलूप मजबूत होतं, पण किल्ली फिरवतानाचा आवाज बाहेर येत होता.

चाचाची रचना: बेरीज, एक्सॉर आणि फिरवणं

बर्नस्टाइन यांनी ठरवलं की तक्ताच नको. फक्त अशा क्रिया घ्यायच्या ज्या स्वस्तातल्या स्वस्त प्रोसेसरलाही येतात आणि ज्यांना प्रत्येक वेळी तेवढाच वेळ लागतो. अशा तीनच क्रिया त्यांनी निवडल्या: बेरीज, एक्सॉर आणि बिटांची रांग गोल फिरवणं. २००५ मध्ये ‘सालसा-२०’ आलं आणि २००८ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती ‘चाचा’. २० म्हणजे २० फेऱ्या.

आता आतलं बघू. वहीवर चार ओळी आणि चार रकाने असा १६ घरांचा चौकोन काढा. प्रत्येक घरात ३२ बिटांची एक संख्या. पहिल्या ओळीत चार ठरलेल्या संख्या, सगळ्या जगाला माहीत असलेल्या. पुढच्या दोन ओळींत, म्हणजे आठ घरांत, आपली गुप्त किल्ली. शेवटच्या ओळीत एक मोजणी क्रमांक आणि तीन घरांत ‘नॉन्स’, म्हणजे एकदाच वापरायचा क्रमांक.

पहिल्या ओळीत ठरलेल्या संख्या कशाला? कारण सगळी घरं शून्य असती तर शून्यात शून्य मिळवून शून्यच आलं असतं, आणि शून्य कितीही फिरवलं तरी शून्यच. सिफ्रचा सिफ्रच राहिला असता.

मग एका रकान्यातली चार घरं घ्यायची. पहिल्यात दुसरं मिळवा. चौथ्याला त्या उत्तराने एक्सॉर करा. चौथ्याचे बिट १६ जागा फिरवा. आता तिसऱ्यात चौथं मिळवा, दुसऱ्याला त्या उत्तराने एक्सॉर करा, दुसऱ्याचे बिट १२ जागा फिरवा. हेच सगळं पुन्हा एकदा, फक्त फिरवायच्या जागा ८ आणि ७. एवढंच. सगळ्या मिळून १२ क्रिया.

असं चारही रकान्यांवर केलं की एक फेरी झाली. पुढच्या फेरीत सरळ रकान्यांऐवजी तिरक्या रांगा घ्यायच्या, म्हणजे एका रकान्यातली गोष्ट बाकीच्या रकान्यांत मिसळते. सरळ, तिरकं, सरळ, तिरकं, अशा २० फेऱ्या.

या तीनच क्रिया का? हे मला फार आवडतं, कारण याचं उत्तर तिसरीच्या गणितात आहे. एक्सॉरमध्ये हातचा नसतो. प्रत्येक जागा आपापली, शेजाऱ्याशी संबंध नाही. ०१०१ आणि ००११ चं एक्सॉर ०११०. पण त्यांचीच बेरीज केली, म्हणजे ५ आणि ३, तर १००० येतं, म्हणजे ८. हातच्यामुळे उजवीकडच्या एका बिटाने थेट डावीकडच्या टोकापर्यंत सगळं हलवलं. नुसतं एक्सॉर असतं तर शत्रूने साधी समीकरणं मांडून किल्ली सोडवली असती. नुसती बेरीज असती तरी तेच झालं असतं. दोन्ही आलटून पालटून केल्या की समीकरणं गुंततात.

पण हातचा नेहमी डावीकडेच जातो. सगळ्यात उजवीकडच्या बिटाला डावीकडच्यांची खबर कधीच लागत नाही. म्हणून तिसरी क्रिया, गोल फिरवणं. डावीकडचे बिट उचलून उजवीकडे आणले की पुढच्या बेरजेत त्यांचा हातचा सगळ्यांपर्यंत पोचतो. कणीक मळताना आपण कडा उचलून मध्ये आणतो ना, तसंच. काही फेऱ्यांत अशी वेळ येते की किल्लीचा एक बिट बदलला तर चौकोनातले साधारण निम्मे बिट बदलतात.

शेवटी एक बारीकशी पण फार मोलाची पायरी आहे. या सगळ्या फेऱ्या उलट्याही चालवता येतात. कोणाला शेवटचा चौकोन मिळाला तर तो मागे जात जात किल्लीपर्यंत पोचेल. म्हणून सुरुवातीचा मूळ चौकोन जपून ठेवतात आणि शेवटच्या चौकोनात घरागणिक मिळवतात. मूळ चौकोनात किल्ली आहे, ती शत्रूला माहीत नाही, म्हणून ही बेरीज त्याला वजा करता येत नाही. परतीची वाट बंद.

एका चौकोनातून ६४ बाइटची माळ मिळते. हिशेब केला तर २० फेऱ्यांत ९६० छोट्या क्रिया, म्हणजे एका बाइटला साधारण १५. पुढची ६४ बाइट हवी असतील तर मोजणी क्रमांक एकने वाढवायचा आणि पुन्हा चालवायचं. प्रत्येक चौकोन स्वतंत्र असल्यामुळे प्रोसेसर चार-चार चौकोन एकदम चालवू शकतो.

२० फेऱ्या गरजेपेक्षा जास्त नाहीत का? आहेत, आणि मुद्दाम आहेत. संशोधकांनी सात फेऱ्यांच्या चाचावर कागदोपत्री हल्ला मांडला आहे. तोही इतका लांबलचक की प्रत्यक्षात करणं अशक्य. २० पर्यंत कोणी पोचलेलं नाही. पूल बांधताना इंजिनिअर जसं रोजच्या वजनापेक्षा जास्त वजन धरतो, तसंच हे.

तीच माळ दुसऱ्यांदा नको

आता नॉन्सबद्दल. एकाच किल्लीने एकाच नॉन्सवर दोन मेसेज पाठवले तर दोघांची माळ तीच येते. मग शत्रू दोन्ही बंद मेसेज एकमेकांशी एक्सॉर करतो. माळ उडून जाते आणि दोन मूळ मेसेजमधला फरक हातात येतो. त्यातून अंदाज लावत दोन्ही उघडता येतात.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. सुरुवातीच्या वायफायमध्ये ‘वेप’ नावाचं कुलूप होतं. त्यात दर पाकिटाला बदलणारा क्रमांक फक्त २४ बिटांचा होता, म्हणजे १ कोटी ६७ लाख शक्यता. गर्दीच्या नेटवर्कवर त्या काही तासांत संपायच्या आणि क्रमांक पुन्हा यायचे. शिवाय आतली माळ बनवणारी ‘आरसी-४’ पद्धतही कमकुवत निघाली. २००१ मध्ये तीन संशोधकांनी वेप कसं उघडतं ते मांडलं आणि नंतर तर ते काही मिनिटांत उघडू लागलं. आजच्या चाचात नॉन्स ९६ बिटांचा असतो आणि तो दर वेळी बदलणं सक्तीचं आहे.

न वाचता बदलणारा चोर

आणखी एक धोका आहे, जो पटकन लक्षात येत नाही. चोराला मेसेज वाचता आला नाही तरी तो बदलू शकतो.

कॉम्प्युटरमध्ये ‘1’ हा आकडा ००११०००१ असा लिहितात आणि ‘9’ हा ००१११००१ असा. दोघांत फरक फक्त एका बिटाचा. समजा बंद मेसेजमध्ये रक्कम कोणत्या जागी असते ते चोराला माहीत आहे आणि रक्कम हजार असणार हेही माहीत आहे. त्याने किल्ली न वापरता तो एक बिट उलटा केला की समोर उघडताना ९००० दिसेल. कुलूप तुटलं नाही, तरी अमानतीत खयानत झाली.

म्हणून चाचाच्या जोडीला ‘पॉली-१३०५’ असतं. तेही बर्नस्टाइन यांचंच. बंद मजकुराचे १६-१६ बाइटचे तुकडे करायचे, त्यांना संख्या मानायचं, एका गुप्त संख्येने गुणत आणि मिळवत जायचं, आणि २ चा १३० वा घात वजा ५ या मूळसंख्येने भागून बाकी घ्यायची. (नावातला १३०५ इथून आला.) शेवटी आणखी एक गुप्त संख्या मिळवली की १६ बाइटची मोहर तयार. मजकुरातला एक बिट जरी हलला तरी मोहर जुळत नाही आणि फोन तो मेसेज फेकून देतो. जुन्या काळी लाखेची मोहर असायची, तसंच. फक्त ही मोहर प्रत्येक मेसेजला नवी असते.

साध्या फोनपर्यंत कसं पोचलं

२०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या क्रोममध्ये चाचा-२० आणि पॉली-१३०५ वापरायला सुरुवात केली. एईएसची वेगळी सोय नसलेल्या फोनवर ही जोडी एईएसच्या जवळपास तिप्पट वेगाने चालते, असं त्यांनी सांगितलं. पान लवकर उघडायला लागलं, बॅटरी कमी खर्च झाली. २०१५ मध्ये तिचं इंटरनेटसाठीचं प्रमाण लिहिलं गेलं. २०१८ मध्ये वेबसाइटच्या कुलपाचा नवा नियम, टीएलएस १.३, आला तेव्हा त्यात मोजके पाच संच ठेवले गेले आणि त्यांत हा एक होता.

आता तुमचा फोन वेबसाइटशी बोलणं सुरू करताना सांगतो की मला काय झेपतं. ज्याच्यात एईएसची सोय आहे तो बहुतेक वेळा एईएस घेतो, नसलेला चाचा घेतो. दोन्ही कुलपं पक्की.

पण वाटेवरची माहिती एक आणि फोनमध्ये साठवलेली माहिती दुसरी. इथे गरिबाचा फोन खरोखर मागे राहिला होता. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं तेव्हा नव्या फोनमधली साठवण कुलूपबंद असलीच पाहिजे, असा नियम झाला. मात्र ज्या फोनवर एईएस सेकंदाला सुमारे ५० मेगाबाइटपेक्षा हळू चालतं, त्यांना सूट होती. म्हणजे नेमके स्वस्त फोन सुटले. असा फोन हरवला किंवा चोरीला गेला तर आतले फोटो, कागदपत्रं, सगळं उघडं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलच्या लोकांनी ‘एडियांटम’ नावाची पद्धत जाहीर केली. तिचं काळीज चाचाच आहे, फक्त २० ऐवजी १२ फेऱ्यांचा. स्वस्त फोनमध्ये असणाऱ्या एका चिपवर ती एईएसच्या पद्धतीपेक्षा साधारण पाचपट वेगाने चालली. ‘झेपत नाही’ हे कारणच उरलं नाही. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनसाठी ती सूट काढून टाकली गेली. एखाद्याने बेरजेचा आणि हातच्याचा नीट विचार केला, तर त्याचा फायदा हातगाडीवाल्याच्या खिशापर्यंत कसा पोचतो, त्याचं हे उदाहरण आहे.

खाजगीपणाचा हक्क

याच बर्नस्टाइन यांनी विद्यार्थी असताना कुलपाची एक पद्धत छापायचं ठरवलं, तेव्हा अमेरिकन सरकारने ती शस्त्रांच्या यादीत धरली आणि परवान्याशिवाय छापू नका म्हणून सांगितलं. १९९५ मध्ये ते कोर्टात गेले. प्रोग्राम लिहिणं हेही बोलणंच आहे, त्याला अभिव्यक्तीचं संरक्षण आहे, असं कोर्टाने त्यांच्या बाजूने म्हटलं. तो खटला कित्येक वर्षं चालला.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टास्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. आणि मुसलमान म्हणून बघितलं तर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत तजस्सुसला, म्हणजे दुसऱ्याच्या आतल्या गोष्टी उकरत बसण्याला, मनाई आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय जाऊ नका असा हुक्म आहे. ‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाची?’ असं कोणी विचारलं तर सांगा, दाराला पडदा असतो तो गुन्हा लपवायला नसतो.

कुलूप काय करत नाही

इतकं सगळं असूनही लोक रोज फसतात, कारण चोर आता कुलपाच्या वाटेला जातच नाही. तो सरळ फोन करतो आणि ओटीपी विचारतो. म्हणून काही गोष्टी घरात मोठ्यांना आणि मुलांना दोघांनाही सांगा.

वेबसाइटवर कुलपाचं चिन्ह किंवा एचटीटीपीएस दिसलं म्हणजे वाट सुरक्षित आहे, दुकानदार इमानदार आहे असं नव्हे. फसवी वेबसाइटही कुलूप लावूनच बसते. पत्ता अक्षरन् अक्षर वाचा.

लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नका. चोर फोनच्या आत शिरला की माहिती कुलूपबंद होण्याआधीच तो वाचतो.

फोनला पिन लावा. जुना फोन विकण्याआधी पूर्ण पुसून द्या. अपडेट आलं की टाळू नका.

पैसे गेलेच तर लाज बाळगू नका, वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि त्या मुलीला मी काय सांगितलं? सांगितलं की बेटा, वाटेत तुझ्या अब्बूंच्या फॉर्मला मामूंच्या फॉर्मइतकंच पक्कं कुलूप असतं, त्यात पैशाचा फरक नाही. फरक उरतो तो दुसरीकडे. स्वस्त आणि जुन्या फोनला कंपन्या लवकर अपडेट देणं बंद करतात आणि मग आत शिरायला भोकं राहतात. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

ती म्हणाली, "मग तो कोण सोडवणार?"

मी तिला फळ्याजवळ बोलावलं आणि खडू हातात दिला. ५ आणि ३ ची बेरीज तिने बिटांमध्ये करून दाखवली, हातच्यासकट. सुरुवात इथूनच होते. इन्शाअल्लाह, पुढचं कुलूप यांच्यातलंच कोणीतरी बनवेल.